शंभर लिंका आणि उद्याचा तास

प्रश्न : ताई, मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवतो. आमच्या शिक्षकांच्या गटावर ‘शिक्षकांसाठी 100 मोफत साधनं’ अशी यादी आली. दोन रात्री बसून सगळ्या लिंका उघडल्या, 11 ठिकाणी खाती काढली, आणि वर्गात त्यातलं एकही वापरलं नाही. वर्गात 42 मुलं, माझा एक फोन, एक प्रोजेक्टर, आणि नेट कधी असतं कधी नसतं. यातलं खरंच कामाचं काय, ते सांगाल का?

सर, ती यादी बाजूला ठेवा आणि उद्याचा तास समोर घ्या. त्या तासाला मुलं नेमकी कुठे अडतात, ते एका वाक्यात कागदावर लिहा. साधन त्या वाक्यासाठी शोधायचं. हे मला उमगायला बरीच वर्षं लागली, म्हणून माझा एक तास जसाच्या तसा सांगते.

विषय विद्युत परिपथ. एका बॅटरीला दोन सारखे दिवे एकसर जोडणीत लावले, तर जास्त उजळ कोणता? दरवर्षी बरीच मुलं म्हणतात, पहिला. का, विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘पहिल्याने थोडा करंट खाल्ला, उरलेला दुसऱ्याला मिळाला.’ उत्तर चुकीचं आहे, पण त्यामागे मुलांनी विचार केलेला आहे. म्हणूनच फळ्यावर बाण काढून ते पुसलं जात नाही. परीक्षेत मुलं बरोबर लिहितात आणि मनात जुनंच धरून ठेवतात.

इथे मला ‘फेट’ कामी आलं, म्हणजे पडद्यावर प्रयोग करून बघायची सिम्युलेशन देणारं संकेतस्थळ. भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. पी-एच-ई-टी ही इंग्रजी अक्षरं टाकून शोधा. सिम्युलेशन चालवायला खातं लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत. परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये मी 9 व्होल्टची बॅटरी घेतली आणि 10 ओहमचे दोन दिवे एकामागे एक जोडले. तारांतून इलेक्ट्रॉनचे ठिपके सरकायला लागले. मग विद्युतधारा मोजणारा ॲमीटर लावला, आधी पहिल्या दिव्याच्या अलीकडे, मग दोघांच्या मध्ये, मग दुसऱ्याच्या पलीकडे. तिन्ही ठिकाणी 0.45 अँपिअर. एका मुलाला ते पटेना, त्याने मीटर पुन्हा मध्ये लावायला लावला. पुन्हा 0.45. तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘बाई, मग दिव्याने खाल्लं काय?’

त्या प्रश्नासाठीच तर सगळी खटपट होती. विद्युतधारा तेवढीच राहते, दिव्यात विद्युत ऊर्जेची उष्णता आणि प्रकाश होतो, हे त्या प्रश्नानंतर सांगितलं की मुलं कान टवकारून ऐकतात. आधी सांगितलं असतं तर नुसतं वहीत उतरवून घेतलं असतं.

नेटची काळजी करू नका. सिम्युलेशन आधीच उतरवून घेता येतं. एकच फाइल असते, ती पेनड्राइव्हवरून ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. मात्र पडद्यावर दाखवून थांबू नका, त्यानंतर खरी बॅटरी आणि खरे दिवे मुलांच्या हातात द्याच.

दुसरं साधन प्लिकर्स. यात फोन फक्त शिक्षकाला लागतो. प्रत्येक मुलाकडे छापलेलं एक कार्ड, त्यावर चौकोनी नक्षी आणि चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं मुलाने कार्ड धरायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते दिसतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं पाहून काही कळत नाही. वर्षभर हात वर न करणारी मुलं कार्ड मात्र वर धरतात, हे मी दर वर्गात पाहिलं आहे. दिव्यांचा प्रश्न मी सिम्युलेशनच्या आधी याच कार्डांवर विचारते. पर्याय लिहिताना प्रत्येक चुकीच्या पर्यायात मुलांचा एकेक खरा गैरसमज बसवा, म्हणजे कोणता गैरसमज किती जणांचा आहे ते लगेच हाती येतं. आणि कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका. उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. माझा अख्खा संच त्यामुळे पुन्हा छापावा लागला.

पुढे कधी शाळेत चार-सहा संगणक किंवा टॅब मिळाले आणि नेटची रड तशीच राहिली, तर कोलिब्री हे सॉफ्टवेअर बघा. एका संगणकावर धडे आणि सराव भरून ठेवायचे, बाकीची उपकरणं स्थानिक वाय-फायवरून त्याला जोडायची. या वर्षासाठी मात्र ही दोनच पुरे. ती 11 खाती बंद करून टाका.

प्रश्न : मी इतिहासाच्या टिपणांची पीडीएफ करून मुलांना पाठवते. चित्रं नेटवर शोधून घेते. सहकारी म्हणतात, हा गुन्हा आहे. शिकवण्यासाठी वापरलेलं चालत नाही का?

बाई, मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. नेटवर दिसलेलं चित्र बघायला फुकट असतं, वापरायला मुक्त असेलच असं नाही. वर्गात दाखवायला अनेक देशांच्या कायद्यांत काही ना काही सवलत असते. पण तुमची पीडीएफ एकदा बाहेर पडली की ती कुठपर्यंत जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.

सोपा मार्ग म्हणजे विकिमीडिया कॉमन्स. 2004 पासून चाललेल्या या भांडारात जुने नकाशे, नाणी, शिलालेख, चित्रं असा मोठा साठा आहे. ज्यांचा स्वामित्वहक्क संपला आहे किंवा ज्यांना मुक्त परवाना आहे, अशाच फाइली तिथे ठेवू देतात. इतर ठिकाणी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे निर्मात्याने आपलं काम इतरांना कोणत्या अटींवर वापरू दिलं आहे ते सांगणाऱ्या परवान्याची अक्षरं वाचायची सवय लावा. बीवाय म्हणजे निर्मात्याचं नाव द्या. एसए म्हणजे त्यावरून तुम्ही जे नवं कराल तेही त्याच परवान्याखाली द्या. एनसी म्हणजे व्यापारी वापर नको. एनडी म्हणजे बदल केलेली आवृत्ती वाटू नका. हे शेवटचं शिक्षकांना सगळ्यात जास्त नडतं, कारण चित्रावरची नावं मराठीत करून दिली तर तोही बदलच.

चित्राखाली एक ओळ लिहा : चित्राचं नाव, निर्माता, कुठून घेतलं, परवाना कोणता. मुलं ती ओळ बघून आपल्या प्रकल्पातही तसंच लिहायला लागतात, मी पाहिलं आहे.

प्रश्न : मी प्राथमिकला मराठी शिकवते. एकाच वर्गात कुणी अक्षरं जुळवतंय, कुणी धडाधडा वाचतंय. वाचायला वेगवेगळं कुठून आणू? आणि ताई, मला टायपिंग येत नाही.

स्टोरीवीव्हर उघडा. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेने 2015 मध्ये सुरू केलेलं हे गोष्टींचं संकेतस्थळ आहे. गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांवर लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीला पानावर थोडेच शब्द, चौथीला परिच्छेद. मराठीत पुष्कळ आहेत. एखादी तुमच्या मुलांना जड जात असेल, तर तिची सोपी आवृत्ती स्वतः करता येते, परवान्यातच तशी मुभा आहे.

टायपिंगचं म्हणाल, तर गुगल डॉक्समध्ये बोलून मराठी लिहिता येतं. संगणकावर क्रोम ब्राउझर घ्या, ‘टूल्स’मध्ये व्हॉइस टायपिंग उघडा, भाषा मराठी निवडा. वाक्य छोटं बोला, थांबा, मग पुढचं. जोडाक्षरं आणि विरामचिन्हं नंतर हाताने तपासा. एवढंच पाहा की सगळं लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसंच दिसणाऱ्या अक्षरांत राहील. जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडल्या की निरर्थक चिन्हं दिसतात, आणि त्यात वर्षांची मेहनत अडकून पडते.

प्रश्न : एका मोफत संकेतस्थळावर मी तीन वर्षांच्या चाचण्या साठवल्या होत्या. ते बंद झालं, सगळं गेलं. आता कशावरच विश्वास बसत नाही.

सर, तुमचं दुःख मला ठाऊक आहे. माझी दहावीच्या प्रश्नांची पेढी अशीच गेली. सूचनेचा ईमेल आला होता, तो जाहिरातींच्या ढिगात राहून गेला. मोठ्या कंपन्यांची साधनंही बंद होतात. गुगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा कितीतरी वर्गांत रोज वापरात होता, तो 2024 च्या अखेरीस बंद झाला.

म्हणून नवं साधन हाती आलं की मी पहिल्याच दिवशी एक खोटी चाचणी बनवते आणि ती बाहेर काढून बघते. पीडीएफ निघते का, प्रश्न एक्सेलमध्ये उतरतात का. निघत नसतील, तर तिथे एखादा खेळ घेते, पण मेहनतीचं काही ठेवत नाही. गुगल फॉर्मची उत्तरं शीटमध्ये येतात आणि शीट उतरवून घेता येते, म्हणून रोजच्या चाचण्या मी तिथे घेते. गुगल खात्यातलं सगळं एकदम उतरवायला ‘टेकआउट’ ही सोय आहे. प्रत्येक सत्र संपलं की मी ते करते आणि एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवते.

गेलेल्या चाचण्यांसाठी एक करून बघा. मुलांना पाठवलेल्या जुन्या फाइली, छापलेल्या प्रती, सहकाऱ्यांचे ईमेल शोधा. माझ्या पेढीतले निम्मे प्रश्न मला असेच परत मिळाले.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. चाचण्यांबरोबर मुलांची नावं आणि गुणही त्या संकेतस्थळावर होते ना? ते संकेतस्थळ बंद झाल्यावर ती माहिती कुणाकडे गेली, हे आता तुम्हाला कळायचा मार्ग नाही. मी आता कुठल्याही साधनात मुलांची नावं भरत नाही. हजेरी क्रमांक भरते. कोणता क्रमांक कुणाचा, ती वही माझ्या कपाटात असते.