एका वेळी एकच

अगं,

तुझा मेसेज दोनदा वाचला. पहिल्यांदा जीव कळवळला, दुसऱ्यांदा राग आला. तळपायांची आग, रात्री चादरीचा स्पर्शही नकोसा, पोट कधी चार दिवस गच्च तर कधी सकाळपासून नुसत्या धावा. नसांचं आणि पोटाचं हे दुखणं मला स्वतःला ठाऊक आहे. पण त्यावर तू एकाच आठवड्यात गहू सोडलास, दूध सोडलंस, प्रोबायोटिक सुरू केलंस आणि बी-कॉम्प्लेक्स दुप्पट केलंस! आता विचारतेस, थोडं बरं वाटतंय ते कशामुळे? कुणाला सांगता येणार आहे? एका वेळी एकच गोष्ट बदल.

गव्हाचंच घे. सिलिअॅक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं तो, पोटाची फारशी तक्रार नसतानाही नसांना धरू शकतो, त्यामुळे तुझा संशय चुकीचा नाही. पण त्याची टीटीजी-आयजीए ही रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी गहू खाण्यात असतानाच करायची असते. बंद केला की अँटिबॉडी उतरत जातात आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. सोबत एकूण आयजीएही बघायला सांग; ही चाचणी शोधते त्या अँटिबॉडीचा तो प्रकार, आणि काहींमध्ये तोच मुळात कमी असतो.

आणि त्या गोळ्या. पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाच. बी-कॉम्प्लेक्स, मल्टिव्हिटॅमिन, 'नसांसाठी' म्हणून दिलेली गोळी, तिन्हींत पायरिडॉक्सिन सापडेल. म्हणजे बी-६. ते जास्त झालं तर स्वतःच नसा बिघडवतं. बी-१२ची गोष्ट उलटी: ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं, तिथे बिघाड असेल किंवा अॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर कमी पडतं. नुसतं फॉलिक अॅसिड घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. तेव्हा सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओत.

नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांतून विजेचा संदेश कसा जातो ती चाचणी, नॉर्मल आली म्हणून 'मनाचे खेळ' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. ती चाचणी जाड तंतूंची. आग, थंड-गरम, घाम, आतड्याची हालचाल हा कारभार बारीक तंतूंचा. त्यासाठी घोट्याच्या वरून ३ मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा घेऊन त्यातले तंतू मोजतात. तेही करून कित्येकांना कारण सापडत नाही. मी त्यातलीच.

घरचे म्हणतात, मला वहीचं वेड लागलंय. काय खाल्लं, कोणती गोळी, मुंग्या कुठवर, शौचाला कसं झालं, रोज चार ओळी. एका जिवलग मैत्रिणीनं चूर्ण आणून दिलं होतं. मी घेतलं नाही, कारण त्या महिन्यात दुसरं औषध नवीन होतं. ती दुखावली, हळूहळू येईनाशी झाली. त्याची रुखरुख आहे. पण म्हणून मी चूक होते? पोटासाठी मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचा लांबलचक कोर्स चालू असताना मुंग्या घोट्यावरून गुडघ्याकडे सरकल्या, ते वहीनंच दाखवलं. जास्त दिवस घेतल्यास ते औषध नसांना बाधू शकतं. डॉक्टरांनी पान वाचलं आणि तिथल्या तिथे औषध थांबवलं. त्या महिन्यात चूर्णही पोटात गेलं असतं, तर आम्ही कुणाला धरलं असतं? सांग की!

तू म्हणशील, इतका धीर कुठून आणू? नस वाढते दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तीही सगळं सुरळीत असेल तर. चार दिवसांत निकाल मागणारी तू कोण? एक बदल, पुरेसे आठवडे, मग दुसरा.

याला अपवाद आहेत. पायातली ताकद जायला लागली, लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला, शौचातून रक्त पडलं, उभी राहताच भोवळ येऊन पडलीस, तर वही बाजूला टाक आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

आंघोळीचं पाणी पायानं नाही, कोपरानं बघ. झोपताना तळवे आरशात पाहून घे, जखम झालेली कळतही नाही.

गहू परत सुरू करायचा का, ते डॉक्टरांना विचार, मला नको. आणि शेवटच्या ओळीत मॅग्नेशियम मागवल्याचं हळूच लिहिलं आहेस ना, तो डबा आला की सील न तोडता कपाटात ठेव.