आधी नांगराचा दोर बघ

मालवणात आलास की नौदलाचे बिल्ले दाखवतोस, पण तुझा पहिला प्रश्न नेहमी किमतीचा! अरे, आधी चिन्ह वाच. नौदलाच्या बोधचिन्हात सिंहमुद्रेखाली नांगर असतो. जुन्यात त्याला दोर गुरफटलेला, 2022 अखेरच्या नव्यात नांगर मोकळा. आपल्या कुठल्याही तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचार, दोर अडकलेला नांगर म्हणजे काय कटकट. तीच इतकी वर्षं शान म्हणून मिरवली, याची मला गंमत वाटते. असो, काळ ओळखायला ही खूण पक्की.

मग अष्टकोन. 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत विमानवाहू जहाज विक्रांतसोबत नौदलाचा नवा ध्वज आला, ब्रिटिश काळापासूनचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस गेला. निळ्या अष्टकोनाची दुहेरी सोनेरी कड शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली, आठ बाजू म्हणजे आठ दिशा. खाली नौदलाचं ब्रीद, 'शं नो वरुणः'. वरुण कल्याणकारी होवो, एवढाच अर्थ. डिसेंबर 2023 मध्ये अ‍ॅडमिरलच्या खांद्यावरच्या पट्टीवरही अष्टकोन आला.

आणि हो, पितळी बिल्ला चिंचेने घासू नकोस. मी एक घासला, दोराचे पीळच गेले.