वाचकांचे प्रश्न : बीटल्सचा संच, स्टिरिओ की मोनो?

प्रश्न : बीटल्सच्या १९८७ साली निघालेल्या सगळ्या सीडी माझ्याकडे सुस्थितीत आहेत. आता २००९ चा स्टिरिओ बॉक्स सेट घेण्याचा विचार आहे. तीच गाणी दुसऱ्यांदा विकत घेण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : आपल्याकडे काहीच नसते, तर स्टिरिओ संच अवश्य घ्या असे आम्ही सांगितले असते. तेरा अल्बम आणि अल्बमबाहेरच्या ३३ गाण्यांचा ‘पास्ट मास्टर्स’ असा सोळा सीडींचा ऐवज त्यात एकत्र मिळतो. आपला हिशेब मात्र वेगळा आहे. २००९ साली झाले ते रीमास्टरिंग, नवे मिक्सिंग नव्हे. मूळ टेप अधिक चांगल्या यंत्रणेतून पुन्हा डिजिटल केल्या गेल्या, परंतु कोणता आवाज कुठे बसवायचा ही जुनी मांडणी तशीच राहिली. बेस भरीव झाला आहे, झांजा स्वच्छ ऐकू येतात, आणि चांगल्या स्पीकरवर हा फरक कळतोही. पण केवळ तेवढ्यासाठी सोळा सीडी पुन्हा घ्याव्यात असे आम्हाला वाटत नाही.

या संचात आपल्याला खरोखर नवे असे मिळेल ते पहिल्या चार अल्बमचे स्टिरिओ रूप, कारण १९८७ साली ते चारही मोनोमध्येच, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज अशा रूपात, निघाले होते. गंमत अशी की त्यांतल्या पहिल्या दोन अल्बमचे स्टिरिओ हाच साऱ्या संचातला कच्चा भाग आहे. ध्वनिमुद्रण दोन ट्रॅकच्या, म्हणजे टेपवर दोनच स्वतंत्र पट्टे असलेल्या, यंत्रावर झाले होते. एका ट्रॅकवर मुख्यतः वाद्ये आणि दुसऱ्यावर गळे, आणि ते पुढे एकत्र मिसळून मोनो करायचे, असा बेत होता. ते वेगवेगळे ठेवलेले ट्रॅक हेडफोनवर ऐकले, तर एका कानात ड्रम आणि गिटार, दुसऱ्या कानात गाणारी मंडळी, आणि मध्ये भिंत, असे वाटते. पुढचे दोन अल्बम चार ट्रॅकवर झाल्यामुळे तिथे ही अडचण पुष्कळ कमी आहे.

म्हणून आमचे मत २००९ सालीच निघालेल्या मोनो संचाच्या बाजूने आहे. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’च्या मोनो मिक्सवर बँडने स्वतः मेहनत घेतली आणि स्टिरिओ मिक्स त्यांच्या गैरहजेरीत उरकले गेले. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोमध्ये अधिक जलद आणि वरच्या सुरात आहे. ते एकदा ऐकले की स्टिरिओतले गाणे रेंगाळल्यासारखे वाटते. ‘हेल्टर स्केल्टर’चे उलट आहे. स्टिरिओमध्ये गाणे विरत जाते, पुन्हा उसळून येते आणि बोटांना फोड आल्याची ड्रमर रिंगोची आरोळी ऐकू येते. मोनोमध्ये ते एकदा विरले की संपले, आरोळी नाहीच. ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’ यांच्या आपल्याकडील सीडींवर बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी १९८६ साली नव्याने केलेले स्टिरिओ मिक्स आहे, आणि २००९ च्या स्टिरिओ संचातही तेच आहे. १९६५ चे मूळ स्टिरिओ मिक्स हवे असेल, तर ते, काहीशा विचित्र न्यायाने, मोनो संचातल्या सीडींवर मोनोच्या जोडीला दिलेले आहे.

मोनो संचाच्या तेरा सीडींमध्ये ‘यलो सबमरीन’, ‘ॲबी रोड’ आणि ‘लेट इट बी’ हे अल्बम नाहीत, कारण अल्बम म्हणून त्यांचे स्वतंत्र मोनो मिक्स झालेच नाही. तेव्हा जुन्या सीडी विकून टाकू नका. शेवटच्या दोन अल्बमचे जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी केलेले नवे मिक्स अनुक्रमे २०१९ आणि २०२१ साली स्वतंत्रपणे निघाले आहेत. तिथे मात्र वाद्यांची मांडणीच बदललेली ऐकू येते, त्यामुळे आवडत्या अल्बमसाठी ते घेण्यासारखे आहेत. अर्धवट राहिलेले टेक दोन्ही संचांत नाहीत. स्टिरिओ संचातली डीव्हीडी एकदा पाहून ठेवून देण्याजोगी आहे.

प्रश्न : मोनो संच व्हिनिलवर (तबकड्यांवर) घ्यावा का?

उत्तर : चांगला टर्नटेबल असेल तर घ्यावा. २०१४ चा मोनो व्हिनिल संच थेट ॲनालॉग टेपवरून कापला आहे, तर २०१२ चा स्टिरिओ व्हिनिल संच डिजिटल मास्टरवरून काढलेला आहे. टर्नटेबल अजून घ्यायचाच असेल, तर सीडीवरचा मोनो संच पुरेसा आहे.