कारला स्पीड लिमिटर सक्तीचा करावा का?

प्रश्न: परवा ऑफिसात विषय निघाला की नवीन प्रत्येक कारला कंपनीतूनच स्पीड लिमिटर सक्तीचा करायला हवा, आणि जेवणाची सुट्टी त्यातच संपली. माझं म्हणणं, समृद्धीवरसुद्धा मर्यादा १२० आहे तर गाडी १८० ला जाऊच कशाला द्यायची? मित्र म्हणतो ऐन ओव्हरटेकमध्ये गाडीने पिकअप सोडला तर समोरच्या ट्रकखाली जाऊ. कोणाचं बरोबर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: मित्राचं आधी घेऊ, कारण त्याची भीती उगाच नाहीये. दोन लेनचा साधा रस्ता धरा, पुढे ट्रक ६० ने चाललाय, तुम्ही ८० ने बाजूने निघालात तर फरक फक्त २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, आणि ट्रकची लांबी अन् मागचं-पुढचं अंतर मिळून साठेक मीटर कापायचे तर तुम्ही अकरा सेकंद समोरच्याच्या लेनमध्ये. तेच १०० ने गेलात तर साडेपाच सेकंदात मोकळे. (आता अशा रस्त्यावर मर्यादा बहुतेक ७०-८० चीच असते, म्हणजे ६० च्या ट्रकमागे गपगुमान चाला असा त्याचा सरळ अर्थ, पण ते कोण पाळतंय, जाऊद्या.)

पण लिमिटर म्हणजे गाडीचा गळा आवळणं असं जे डोक्यात बसलंय ते काढा. युरोपियन युनियनने जुलै २०२२ पासून नवीन मॉडेल्सना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नवीन कारला जी सिस्टीम सक्तीची केली ती ब्रेक मारत नाही. कॅमेरा रस्त्यावरचे बोर्ड वाचतो, जोडीला जीपीएसचा नकाशा असतो, आणि तुम्ही मर्यादेच्या वर गेलात की गाडी आवाज करते किंवा पेडल थरथरवते किंवा उलटं ढकलते, किंवा इंजिनचा जोर कमी करते, यातलं काय द्यायचं ते कंपनीने ठरवायचं. पेडल जोरात दाबलं की गाडी तुमचं ऐकते. बंदही करता येते, फक्त पुढच्या वेळी गाडी चालू केली की परत ऑन. म्हणजे मित्राचा ओव्हरटेक सुटला.

आता तुमचं. १२० ला कायमचा लॉक लावून फायदा नाही असं नाही, १०० ने जाताना दचकून ब्रेक मारेपर्यंतचं धरून गाडी थांबायला साधारण १०० मीटर लागतात आणि १२० ला १३० च्या आसपास, त्यामुळे १८० चं काय होत असेल ते बघा. पण माणसं फक्त समृद्धीवर मरत नाहीत हो. केंद्राच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली आणि त्यातल्या ७१ टक्के मृत्यूंपुढे कारण अतिवेग लिहिलंय. पंचनाम्यात अतिवेग लिहून मोकळं होणं सोपं असतं म्हणून थोडे वजा करा, तरी खूप राहतात, आणि त्यात शाळेसमोर, बाजारात, गावातून जाणाऱ्या हायवेवर ७० ने झालेले किती असतील. १२० चा लॉक तिथे झोपलेला असणार.

आपल्याकडे हा घोळ आधीच झालाय. जुलै २०१९ पासून प्रत्येक नवीन कारमध्ये ८० च्या वर गेलं की अधूनमधून बीप आणि १२० च्या वर सलग बीप. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला मर्यादा १००, म्हणजे कायदा पाळून ९५ ने चाललेल्या माणसालाही गाडी टोकत राहते, आणि वस्तीच्या गल्लीतून ६० ने गेलात तर ती गप्प! मग लोक काय करणार, गाणी मोठ्याने लावतात. सीटबेल्टचा आवाज बंद करायला खोट्या क्लिपा घेणारे आपण, २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन साइटवरून त्या काढायला लावाव्या लागल्या.

त्यामुळे सक्ती करायचीच तर रस्त्याप्रमाणे बदलणाऱ्या लिमिटरची करा, एका आकड्याची नको, हे माझं मत. अडचण बोर्डांची आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्समागे गेलेला ४० चा बोर्ड कॅमेऱ्याला कसा दिसणार, आणि वर फ्लायओव्हर खाली सर्व्हिस रोड असेल तर जीपीएसला तुम्ही कुठे आहात हे नेहमी कळतंच असं नाही. हे काम कार कंपनीचं नाही.

प्रश्न: माझी टूर परमिटची पिवळ्या पाटीची गाडी आहे, ८० ला लॉक. एक्सप्रेसवेवर मागून हॉर्न खाऊन जीव नकोसा होतो. गॅरेजवाला म्हणतो हा लॉक लावणारा गव्हर्नर काढून देतो, पासिंगच्या दिवशी परत लावू. काढू का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर: नका काढू. मोटार वाहन नियमांत धंद्याच्या गाड्यांना ८० चं बंधन आहे, स्कूलबस, टँकर, डंपरला तर ६० चं. उद्या काही झालं आणि तपासणीत गव्हर्नर काढलेला निघाला तर पोलीस आणि इन्शुरन्सवाले दोघेही तुम्हालाच धरतील, गॅरेजवाला ओळखसुद्धा दाखवणार नाही. हिशोबच करायचा तर सबंध एक्सप्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, ८० ने ७१ मिनिटं आणि १०० ने ५७. घाटात कारला ६० चीच मर्यादा, म्हणजे ती चौदा मिनिटंही पूर्ण वाचत नाहीत, आणि फूडमॉलला पॅसेंजर उतरला की तेवढी एका चहात जातात. हॉर्न खाताय म्हणजे बहुतेक उजव्या लेनमध्ये असता, ती ओव्हरटेकची आहे. मधल्या लेनने चाला.

प्रश्न: मुलाला लायसन्स मिळालंय. गाडी देताना स्पीड लॉक करता येतो का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर: क्रूझ कंट्रोल असलेल्या काही गाड्यांत स्टिअरिंगवरच लिमिटरचं बटण असतं, आकडा सेट करता येतो, पण तो त्यालाही बंद करता येतो आणि बटण शोधायला त्याला दोन मिनिटं पुरतील. त्यापेक्षा गाडीला कंपनीचं ॲप जोडलेलं असेल तर त्यात ठरवलेल्या वेगाच्या वर गेलं की तुमच्या फोनवर मेसेज येतो का बघा. मॉडेल आणि साल कळवलंत तर नेमकं सांगता येईल.