दलदलीतले केशरी फळ

प्रश्न : आमची मुलगी फिनलंडमध्ये ओउलू येथे राहते. ऑगस्टमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. तेथील दलदलीतील ‘क्लाउडबेरी’ आपल्याकडच्या करवंदांप्रमाणे कोणीही तोडू शकते का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : होय. फिनलंडमध्ये घरांची आवारे आणि काही संरक्षित क्षेत्रे सोडल्यास, जमीन दुसऱ्याच्या मालकीची असली तरी रानफळे वेचण्याचा हक्क परदेशी पाहुण्यांनाही आहे. शेजारच्या नॉर्वेच्या उत्तर भागात मात्र जमीनमालक या फळाला मनाई करू शकतो.

सिंहगडाच्या वाटेवर पिकलेले करवंद ओळखणाऱ्या नजरेची येथे फसगत होते, कारण हे फळ कच्चे असताना लालभडक आणि पिकल्यावर फिकट केशरी, मऊ होते. एका देठावर एकच फळ येते. शिवाय नर व मादी झाडे वेगळी असल्याने नुसती पाने दिसली म्हणून फळ मिळेलच असे नाही. हंगाम साधारण जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत असतो, त्यामुळे शक्य असल्यास प्रवास थोडा अलीकडे घ्यावा. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि डासांची जाळी हवीच. शेवाळाचा हिरवा गालिचा कितीही भक्कम दिसला, तरी माहीतगार सोबत असल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नये.