‘सीझर झाले’ या प्रयोगातला सीझर कोण?

एका वाचकाने विचारले आहे की ‘सुनेचे सीझर झाले’ किंवा ‘नॉर्मल की सीझर?’ असे आपण सर्रास म्हणतो, तर हा सीझर म्हणजे रोमन सेनानी ज्युलियस सीझरच काय. तो आईचे पोट कापून जन्माला आला म्हणून शस्त्रक्रियेला त्याचे नाव मिळाले, ही ऐकीव गोष्ट खरी काय. आणि ‘कैसर’ व ‘झार’ हे शब्दही त्याच्याच नावाचे वंशज आहेत काय. शेवटी लेखनाचाही प्रश्न आहे : सीझर लिहावे की सिझर?

थोडक्यात सांगायचे तर कैसर आणि झार यांविषयीची समजूत पूर्णपणे खरी आहे, जन्माची गोष्ट खोटी आहे, आणि शस्त्रक्रियेचा त्या माणसाशी असलेला संबंध एका जुन्या गैरसमजातून जुळलेला आहे. मात्र हा गैरसमज इतका जुना आणि इतक्या मोठ्या विद्वानाच्या नावावर चालत आलेला आहे, की तो नुसता बाजूला सारण्यापेक्षा उलगडून पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

पहिल्यांदा नाव पाहू. या सेनानीचे पूर्ण नाव लॅटिन उच्चाराप्रमाणे गायुस यूलियुस काइसार असे होते. त्यातले ‘गायुस’ हे त्याचे स्वतःचे, ‘यूलियुस’ हे कुळाचे आणि ‘काइसार’ हे त्या कुळातील एका शाखेचे नाव. आपल्याकडच्या आडनावाशी त्याची ढोबळ तुलना करता येईल. म्हणजे हे नाव त्याला जन्माच्या वेळी घडलेल्या कोणत्याही प्रसंगावरून मिळालेले नव्हते, ते बापाकडून आलेले होते. त्याचा जन्म इ.स.पू. 100 मधला, आणि इ.स.पू. 208 मध्ये, म्हणजे कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी रोमचे युद्ध चालू असताना, सेक्स्टुस यूलियुस काइसार नावाचा एक रोमन अधिकारी होऊन गेल्याची नोंद आहे. नाव शंभर वर्षांहून अधिक आधीचे असल्यामुळे ते ज्युलियसच्या जन्मकथेवरून पडणे शक्यच नाही.

मग ती कथा आली कोठून? पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी याने असे लिहून ठेवले आहे की, आईच्या ‘कापलेल्या’ उदरातून बाहेर काढल्यामुळे काइसार कुळातल्या पहिल्या पुरुषाला ते नाव मिळाले. लॅटिनमध्ये ‘काएदेरे’ हा कापणे या अर्थाचा धातू आहे आणि ‘काएसुस’ म्हणजे कापलेला. ‘काइसार’ त्यावरून आला, असे प्लिनीचे म्हणणे. येथे दोन गोष्टी नीट वाचायला हव्यात. प्लिनी कुळाच्या मूळपुरुषाविषयी बोलतो आहे, ज्युलियसविषयी नाही. शिवाय, आईचा जीव जाऊन जी मुले जन्मतात ती भाग्यवान निघतात, असा त्या परिच्छेदाचा रोख आहे आणि हॅनिबलला हरवणारा थोरला स्किपिओ हाही असाच जन्मल्याचे तो सांगतो. ज्युलियसची आई ऑरेलिया मात्र मुलगा चाळिशी ओलांडून गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या प्रदेशात, लढत असताना, इ.स.पू. 54 मध्ये वारली. जिवंत स्त्रीचे पोट कापल्यावर ती वाचण्याची शक्यता त्या काळी जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे ऑरेलियाचे दीर्घायुष्य हाच या कथेविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

या ऑरेलियाशी निगडित असलेला एक प्रयोग मराठी अग्रलेखांतून आजही भेटतो. इ.स.पू. 62 मध्ये सीझरच्या घरी केवळ स्त्रियांसाठी असलेला देवीचा उत्सव चालू असताना क्लोदियुस नावाचा एक तरुण स्त्रीवेशात आत शिरला, आणि त्याला हुडकून बाहेर काढणारी बाई म्हणजे सीझरची आई. सीझरने पत्नी पाँपियावर कोणताही आरोप ठेवला नाही, पण तिला सोडचिठ्ठी दिली, आणि आपल्या पत्नीवर संशयदेखील येता कामा नये असे कारण सांगितले. ‘सीझरची पत्नी संशयातीत असावी’ हे वाक्य आज सार्वजनिक पदावरील व्यक्तींना उद्देशून आदर्शवत् वापरले जाते. मूळ प्रसंगात मात्र दोष सिद्ध न होताच शिक्षा भोगलेली एक स्त्री आहे, एवढे भान ते वापरणाऱ्याने ठेवले तर बरे.

नावाच्या व्युत्पत्तीविषयी खुद्द रोमनांतच एकमत नव्हते. जन्मतःच डोक्यावर भरपूर केस असलेल्या पूर्वजावरून (‘काएसारिएस’ म्हणजे दाट केस), निळसर करड्या डोळ्यांवरून (‘काएसिउस’), किंवा युद्धात हत्ती मारणाऱ्या पूर्वजावरून (मूर लोकांच्या भाषेत हत्तीला ‘काएसाई’ म्हणत, असा दावा आहे) हे नाव आले, असे आणखी तीन पर्याय जुन्या लेखनात सापडतात. ज्युलियसने यादवी युद्धाच्या काळात पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर पायाखाली सर्पासारखे काही तुडवणारा हत्ती आणि त्याखाली ‘काइसार’ एवढाच शब्द आहे, त्यामुळे हत्तीची व्युत्पत्ती त्याला स्वतःला आवडत असावी, असा तर्क करतात. केसांची व्युत्पत्ती त्याला फारशी रुचली नसती, कारण तो टकला होता. सुएतोनियुस हा चरित्रकार सांगतो की, सिनेटने दिलेल्या मानांपैकी कायम पानांचा मुकुट घालण्याचा मान त्याने सर्वांत आनंदाने स्वीकारला, कारण त्याखाली टक्कल झाकले जाई.

केसांच्या व्युत्पत्तीकडे मराठी वाचकाचे लक्ष जाणे साहजिक आहे. संस्कृतात ‘केसर’ म्हणजे आयाळ, ‘केसरी’ म्हणजे आयाळ असलेला तो सिंह. लॅटिन ‘काएसारिएस’ आणि संस्कृत ‘केसर’ यांची तुलना एकोणिसाव्या शतकातील कोशकारांनी केली होती, पण आज ती निश्चित मानली जात नाही. म्हणून ‘कैसर’ आणि ‘केसरी’ ही भावंडे आहेत, असे कोणी ठामपणे सांगितले तर मान डोलवू नये. ध्वनिसाम्य गोड असले, तरी व्युत्पत्तीत त्याला पुरावा म्हणत नाहीत.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. गरोदर स्त्री मरण पावली तर पोटातील गर्भ काढल्याखेरीज तिचे दफन करू नये, असा रोमच्या राजांच्या काळापासून चालत आलेला समजला जाणारा एक नियम रोमन कायद्याच्या संहितेत नोंदलेला आहे. त्यात सीझरचे नाव नाही, आणि असण्याचे कारणही नाही. पुढे मध्ययुगात प्लिनीचा ‘पहिला काइसार’ आणि सर्वांना ठाऊक असलेला ज्युलियस एकच समजले गेले. सचित्र हस्तलिखितांतून त्याच्या अशा जन्माची चित्रेही रंगवली गेली. 1581 साली फ्रान्समध्ये फ्रान्स्वा रूसे या वैद्याने जिवंत मातेवर करायच्या या शस्त्रक्रियेविषयी पुस्तक लिहिले, तेव्हा त्याने तिला ‘सीझरी प्रसूती’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले. तेथून हे विशेषण युरोपभर पसरले आणि इंग्रजीतील ‘सिझेरियन’ म्हणून आपल्या दवाखान्यांत आले. विशेषणाच्या मुळाशी ‘काएसुस’ हा धातुसाधित शब्द आहे की सेनानीचे नाव, याविषयी मतभेद आहेत. माझ्या मते दोन्ही एकमेकांत इतके मिसळले आहेत, की आता त्यांना वेगळे करता येणार नाही.

मराठीने पुढे जे केले ते मला अधिक रंजक वाटते. ‘सिझेरियन’ हे लांबलचक विशेषण बोलताना छाटून आपण ‘सीझर’ केले, आणि नकळत विशेषणावरून पुन्हा त्या माणसाच्या नावावर येऊन पोचलो. त्याला लिंग मात्र ‘ऑपरेशन’ किंवा ‘बाळंतपण’ यांचे दिले : सीझर झाले, पहिले सीझर, दोन सीझर झाली. त्यामुळे ‘सीझरने गॉल जिंकला’ आणि ‘सीझरने मुलगा झाला’ या वाक्यांत प्रत्यय तोच असून पहिला कर्ता आहे आणि दुसरा करण. वाचणाऱ्याची कधी गफलत होत नाही, ही संदर्भाची किमया.

तरीही प्रश्न उरतो की, त्या कुळात इतके काइसार होऊन गेले असता जगाने याच एकाला लक्षात का ठेवले. त्याचे उत्तर त्याच्या लढायांत आहे, आणि काही अंशी त्याच्या लेखणीतही. इ.स.पू. 58 पासून आठ वर्षांत त्याने आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश म्हणजे गॉल जिंकला. ऱ्हाइन नदीवर दहा दिवसांत लाकडी पूल उभारला, दोनदा समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये उतरला, आणि इ.स.पू. 52 मध्ये अलेसियाच्या वेढ्यात आतल्या शत्रूसाठी एक आणि बाहेरून येणाऱ्या कुमकेसाठी दुसरी, अशा दोन तटबंद्या बांधून व्हेर्सिंगेतोरिक्स या गॉल नेत्याला शरण आणले. या विजयांत किती माणसे मेली आणि गुलाम झाली, याचे प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने दिलेले आकडे दशलक्षांत आहेत. ते फुगवलेले धरले, तरी ती मोहीम भीषण होती, यात शंका नाही. या युद्धाची टिपणे त्याने स्वतः लिहिली, आणि त्यांत ‘मी’ न म्हणता सर्वत्र ‘काइसार’ असे तृतीयपुरुषी लिहिले. शत्रूवर चालून जाणारा काइसार, पूल बांधणारा काइसार, क्षमा करणारा काइसार. पानापानांवर येणाऱ्या या उल्लेखांनी एका शाखेचे नाव एका माणसाच्या मालकीचे केले.

इ.स.पू. 49 च्या जानेवारीत सैन्यासह रुबिकॉन ही छोटी नदी ओलांडून त्याने सिनेटविरुद्ध युद्ध पुकारले, पुढच्याच वर्षी फार्सालुस येथे सिनेटच्या बाजूचा सेनापती पाँपे याला हरवले, आणि इ.स.पू. 44 मध्ये तहहयात ‘डिक्टेटर’ झाल्यावर थोड्याच दिवसांत, 15 मार्च रोजी, सिनेटच्या सभेत त्याचा खून झाला. मराठीत त्याला पुष्कळदा ‘रोमन सम्राट’ म्हटले जाते, ते चूक आहे. तो सम्राट कधीच नव्हता. ‘डिक्टेटर’ला ‘हुकूमशहा’ म्हणणेही पुरते जुळत नाही, कारण रोममध्ये ते संकटकाळी जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी द्यायचे कायदेशीर पद होते, आणि त्याचा अपराध ते पद घेण्यात नसून न सोडण्यात होता. ‘सेनानी’ हा शब्द त्याला निर्विवाद शोभतो.

नावाची पदवी झाली ती त्याच्या मृत्युपत्रामुळे. त्यात त्याने बहिणीचा नातू ऑक्टेव्हियन याला दत्तक घेतले, आणि अठरा वर्षांच्या त्या मुलाने मिळालेल्या नावाचे मोल ओळखून तत्काळ ते लावायला सुरुवात केली. पुढे ऑगस्टस म्हणून तो पहिला सम्राट झाला. त्याच्यानंतरच्या तिबेरियुस आणि कॅलिग्युला यांना हे नाव दत्तकविधानाच्या साखळीने मिळाले, पण इ.स. 41 मध्ये क्लॉडियसने दत्तक नसतानाही ते घेतले, आणि 68 मध्ये नीरोबरोबर ते घराणे संपल्यावर आलेल्या सम्राटांचा सीझरशी रक्ताचा काडीमात्र संबंध नसूनही त्यांनी ते सोडले नाही. इथपासून ते नाव राहिले नाही, पद झाले.

या पदवीच्या उच्चारावरून ती कोणत्या भाषेने केव्हा उचलली, हे ओळखता येते. लॅटिनमधील ‘क’ अजून ‘क’च होता तेव्हा जर्मानिक भाषांनी तो घेतला, म्हणून जर्मनमध्ये ‘कायझर’. ग्रीकमधून पश्चिम आशियात जाऊन अरबी-फारसीत ‘कैसर’ झाला. स्लाव भाषांत, बहुधा गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेमार्गे, शिरल्यावर ‘क’चा ‘त्स’ होऊन आणि शब्द आक्रसून ‘त्सार’ झाला, ज्याला आपण इंग्रजीच्या प्रभावाने ‘झार’ म्हणतो. लॅटिनचे स्वतःचे उच्चार बदलल्यानंतर इटालियनमध्ये ‘चेझारे’ आणि इंग्रजीत ‘सीझर’ झाले. म्हणजे ‘कैसर विल्हेल्म’ हा उच्चार ‘ज्युलियस सीझर’ या उच्चारापेक्षा मुळाच्या अधिक जवळचा आहे.

भारतात हा शब्द इंग्रजांच्या फार आधी आला होता. अटकजवळ आरा येथे सापडलेल्या खरोष्ठी शिलालेखात कनिष्क नावाच्या कुषाण राजाच्या महाराज, राजातिराज, देवपुत्र या बिरुदांपुढे ‘कैसर’ असे चौथे बिरुद अनेक अभ्यासकांनी वाचले आहे. फारसीच्या वाटेने तो पुन्हा रुळला, आणि 1876 साली व्हिक्टोरिया राणीसाठी देशी पदवी शोधताना लाहोरचे प्राच्यविद्यापंडित लाइटनर यांनी ‘कैसर-ए-हिंद’ सुचवली. त्या नावाचे पदक पुढे पंडिता रमाबाईंना 1919 मध्ये मिळाले, आणि गांधीजींनी आपले पदक 1920 मध्ये परत केले. रशियाचा झार 1917 मध्ये आणि जर्मनीचा कैसर 1918 मध्ये गेला, बल्गेरियाचे झारपद 1946 मध्ये संपले; ब्रिटनच्या राजाने भारताच्या सम्राटपदाची पदवी औपचारिकरीत्या सोडली ती जून 1948 मध्ये. तेव्हा सीझरचे नाव पदवी म्हणून सर्वांत शेवटी मिरवले गेले ते हिंदुस्थानच्या नावाला जोडून, हे थोडे गमतीचेच आहे.

‘जुलै’ हाही त्याचाच. त्याच्या जन्माचा महिना पूर्वी ‘क्विंतिलिस’, म्हणजे (मार्चपासून मोजता) पाचवा, म्हणून ओळखला जाई, इ.स.पू. 44 मध्ये त्याला कुळनामावरून नवे नाव दिले गेले. त्याआधी सीझरने पंचांग सुधारले होते, आणि विस्कटलेला मेळ बसवण्यासाठी इ.स.पू. 46 हे वर्ष 445 दिवसांचे करावे लागले होते.

लेखनाविषयी इतकेच, की नामात पहिला स्वर लांब उच्चारला जातो म्हणून ‘सीझर’, आणि विशेषणात तो आखूड होतो म्हणून ‘सिझेरियन’. हिंदीत ‘ज’खाली नुक्ता देतात, मराठीत ‘झ’ पुरेसा आहे. औपचारिक लेखनात ‘शस्त्रक्रियेने प्रसूती’ म्हणावे, परंतु घरी, पत्रात किंवा कथेतल्या संवादात ‘सीझर झाले’ असे लिहिण्यात काहीही गैर नाही.