टोनी मॉरिसनच्या 'बिलव्हेड' कादंबरीतली बिलव्हेड ही मुलगी भूत आहे की खरी बाई? आणि ती पॉल डीला का भुलवते?

(उत्तरात शेवटही येतो. कादंबरी अजून वाचली नसेल, तर आधी ती वाचा.)

पहिल्यांदा वाचली तेव्हा मीही तुमच्यासारखाच अडकलो होतो. आपल्या डोक्यात हडळ, जखीण आधीच बसलेली. देखणी बाई रात्री येते, पुरुषाला नादी लावते, म्हणजे ती त्याच्या मुळावर उठलेली. हा साचा घेऊन टोनी मॉरिसनकडे गेलं की पॉल डी, म्हणजे त्या मुलीच्या आईचा, सेथेचा, सोबती, हे सावज वाटतं, आणि तिथेच गाडी चुकते. तिला पॉल डी नकोच आहे, तिला आई हवी आहे.

ती येते तेव्हाचं वर्णन पुन्हा काढून बघा. १८७३ साल, सिनसिनाटी. पाण्यातून बाहेर आलेली, पूर्ण कपड्यांतली मुलगी. मान धरवत नाही, त्वचा नवी कोरी, पेल्यामागून पेले पाणी पिते, गोडासाठी वेडी. गुलामीतून पळालेल्या सेथेने अठरा वर्षांपूर्वी गुलामांचा मालक न्यायला आला तेव्हा पोटची मुलगी मारली, ती दोन वर्षांचीही नव्हती. ती जगली असती तर एकोणीस-वीसची असती, आणि ही तेवढीच दिसते. पण आतून अजून रांगतं बाळच. बाळाला आईच्या अंथरुणातला दुसरा माणूस खपत नाही.

म्हणून ती त्याला आधी हलवते. सेथेच्या बिछान्यातून झुलत्या खुर्चीवर, मग आजीच्या खोलीत, मग कोठीच्या खोलीत, शेवटी घराबाहेरच्या थंड कोठीत. आपण का सरकतोय हे त्याचं त्यालाच कळत नाही. गुलामीत त्याला कुठे झोपायचं हे नेहमी दुसऱ्यांनीच ठरवलं. आता एक पोरगी ठरवते, आणि त्याला त्याचीच जास्त लाज वाटते. ती त्या थंड कोठीत येते तोवर तिचं अर्धं काम झालेलं असतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी जागा. कोठीत ती त्याच्याकडे दोन गोष्टी मागते: मला आत स्पर्श कर, आणि मला माझ्या नावाने हाक मार. हे नाव कुठून आलं ते आठवा. थडग्यावर अक्षरं कोरायला सेथेकडे पैसे नव्हते. कोरणाऱ्याने दहा मिनिटं तिचं शरीर मागितलं, तिने दिलं. त्या दहा मिनिटांत इंग्रजीतली सात अक्षरं मिळाली: Beloved, म्हणजे 'लाडकी'. (अजून दहा मिनिटं दिली असती तर आणखी एक शब्द मिळाला असता का, हे तिच्या मनात राहून जातं. ही ओळ मला आजही नीट वाचवत नाही.) त्या बाळाचं खरं नाव कादंबरीत कुठेच नाही. आईने अंग देऊन नाव विकत घेतलं, मुलगी तेच नाव अंग देऊन उच्चारून घेते. ओळख मिळवायची ही एकच रीत तिच्या वाट्याला आलेली. याला नुसती कामवासना म्हणणं मला अपुरं वाटतं.

पॉल डीचंही निव्वळ नुकसान होत नाही. आठवणी कोंडलेली, गंजलेली तंबाखूची डबी तो छातीत घेऊन फिरतो, हृदयाच्या जागी. त्या रात्री तिचं झाकण निघतं आणि तो 'लाल हृदय, लाल हृदय' असं पुटपुटत राहतो.

मग भूत की बाई? बाईच्या बाजूने पुरावा आहे. कुणा गोऱ्याने एका मुलीला कोंडून ठेवलं होतं, अशी वदंता त्याच वस्तीतला स्टॅम्प पेड सांगतो, आणि काही अभ्यासक तेच धरून चालतात. मला मात्र ते पुस्तक लहान करणं वाटतं. गुलामीतून पळालेल्या मार्गारेट गार्नरने १८५६ मध्ये खरोखरच केलेल्या अशाच कृत्यावरून मॉरिसनला ही गोष्ट सुचली, पण अर्पणपत्रिका गुलामगिरीत मेलेल्या 'सहा कोटी आणि अधिक' लोकांना आहे. एका घरातलं बाळ एवढ्यांचा भार कसा पेलतं, ते दुसऱ्या भागात तिच्या स्वगतात दिसतं: विरामचिन्हं जवळपास नाहीत, जहाजात माणसं दाटलेली, अंगावर मेलेला माणूस. तिथे 'मी' म्हणणारी कोण, हे ओळीगणिक बदलतं.

पुढे सेथे वाळत जाते आणि ही फुगत जाते. शेवटी वस्तीतल्या तीस बायका तिला घालवायला दाराशी गातात तेव्हा ती उघडी, पोट पुढे आलेली, हसत उभी असते. नंतर पॉल डी सेथेच्या दुसऱ्या मुलीला, डेन्व्हरला, तुमचाच प्रश्न विचारतो: ती खरंच तुझी बहीण होती? डेन्व्हरच्या म्हणण्याचा अर्थ असा, की कधी वाटतं होती, कधी वाटतं त्याहून जास्त काहीतरी. ते स्वगत एकदा मोठ्याने वाचून बघा, आणि मग परत कोठीच्या प्रकरणाकडे या.